पानं माझी, चाल अप्पांची

बिल्डिंगखाली बांबू येऊन पडले की माझं डोकं फिरतं. लोकांना त्या बांबूंमध्ये गणपती दिसतो, मला पत्ते दिसतात. यंदाही तेच. माहेरी नालासोपाऱ्याला आले, रिक्षातून उतरले, तर मंडपवाल्याची माणसं सुतळीची भेंडोळी सोडत बसलेली, गेल्या वर्षीचं विटलेलं कापड एका बाजूला पसरलेलं, आणि मिठागरांकडून येणारा तो खारट, ओलसर वास. बस्स. वर गेले तर आईने केलेला चहासुद्धा गोड लागेना. आई म्हणाली, "काय झालं गं तोंडाला?" म्हटलं, "काही नाही. भाद्रपद आला."

आईला कळतं. अप्पांना मात्र अजून कळत नाही, का कळूनही कळल्याचं दाखवत नाहीत, ते देव जाणे.

त्या साली आमच्या बिल्डिंगचा सार्वजनिक गणपती पहिल्यांदाच बसला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. अप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दरवर्षी गणपतीला रजा टाकून कोकणात गावी जायचे आणि तिथे भावकीत बसून तीन पत्ती कुटायचे. त्या वर्षी बिल्डिंगवाल्यांनी त्यांना मंडळाचं अध्यक्ष केलं आणि स्वारी अशी फुगली की गावाचं नाव निघेना. रजा तीच, मुक्काम नालासोपारा.

आता गणपती बसवला की मूर्तीला एकटं सोडायचं नाही, हा नियम. समई विझता कामा नये, कोणीतरी समोर बसलेलं हवं. सकाळ-संध्याकाळ माणसांना तोटा नसतो. दुपारी कोण बसणार? सगळे मुंबईला नोकरीवर. तेव्हा दुपारची पाळी आमच्यावर आली. अप्पा, कारण ते अध्यक्ष. मी, कारण माझी शाळा सकाळची. पोरांना शिकवून मी बाराला मोकळी. समोरच्या ब्लॉकमधल्या मालूकाकू, साताऱ्याकडच्या, कारण त्यांना घरात बसवत नसे. आणि खालच्या मजल्यावरचा सायमन.

सायमन वसईच्या पश्चिमेकडच्या गावातला. बायको स्टेशनजवळच्या दवाखान्यात नर्स, म्हणून दोघं इकडे राहायला आलेले. तो परदेशी प्रवासी जहाजावर नोकरीला, तिथल्या जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटायचा. पावसाळाभर सुट्टीवर होता आणि कंटाळून गेला होता. मंडपाची लायटिंग त्यानेच केली. दुपारी येऊन बसायचाही. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अरे, तुला चालतं का आमच्या गणपतीपुढे बसलेलं?" तर म्हणाला, "काकी, देव कोणाचा पन असू दे, त्याला एकटा कशाला ठेवायचा?" वर गावाहून आईने पाठवलेली सुकेळी घेऊन यायचा. केळीच्या वाळक्या पानात बांधलेली ती सुकवलेली केळी चघळत आम्ही बाहेर पाऊस बघायचो.

असं किती वेळ बघणार? अप्पांनी पत्ते काढले. गणपतीसमोर पैसे लावायचे नाहीत, म्हणून काकूंनी वर्षाची चिंच फोडून उरलेले चिंचोके धुऊन आणले. आणि सायमन म्हणाला, "तीन पत्ती सोडा अप्पा. मी तुम्हाला जहाजावरचा गेम शिकवतो. ओमाहा."

चार पानं प्रत्येकाच्या हातात. पाच पानं मध्ये, सगळ्यांची मिळून. आधी तीन उघडायची, मग एक, मग शेवटचं एक, आणि प्रत्येक वेळी ज्याला वाटेल त्याने चिंचोके लावायचे. शेवटी आपल्या हातातली दोनच पानं आणि मधली तीन घेऊन पाचांचा डाव लावायचा. दोनच. एकही नाही आणि तीनही नाहीत. हे 'दोनच' आमच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला, कारण तीन पत्ती आमच्या रक्तात. दुसऱ्याच दिवशी मालूकाकूंच्या हातात तीन राजे आले. तीन पत्तीत याहून मोठं सुख नाही. काकूंचा चेहरा असा खुलला की गणपतीने प्रत्यक्ष उठून मोदक दिला असावा. सगळे चिंचोके पुढे ढकलले आणि पानं आपटली. सायमनने मान हलवली. "काकी, यातले दोनच राजे घ्यायचे."

"मग तिसरा काय करतोय?"

"तो फुकट गेला. उलट नुकसान. टेबलावर यायचा राजा तुम्हीच अडवून बसलात."

"मेला असला कसला खेळ," काकू म्हणाल्या, "घरात आलेल्या राजाला उभं राहायला जागा नाही!"

मला मात्र तो खेळ चढला. आणि चढला म्हणजे डोक्यात गेला. तीन पत्तीत हातात चांगलं आलं की आलं. इथे तसं नाही. समोरच्याकडेही चार-चार पानं. मधली तीन उघडली तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या पुढे असता, चौथं उघडलं की कोणीतरी तुमच्या मानेवर बसलेलं असतं. हात किती चांगला आहे हा प्रश्नच नाही. तो किती वेळ चांगला राहणार आहे, हा प्रश्न. आत्ता लावू? की एक पान बघू? लावलं तर मागचे घाबरून पानं टाकतील आणि चार चिंचोके घेऊन गप्प बसावं लागेल. नाही लावलं तर त्यांना फुकटात पुढचं पान बघायला मिळेल आणि तेच पान आपल्या मुळावर येईल. मी सायमनला रोज छळायची, मला सरळ नियम सांग. तो म्हणायचा, "टेबल बघ बाय. तीन पानं तीन रंगांची, आकडे लांब लांब, तर बस गप्प, काय बिघडत नाही. पन पानं एकमेकांच्या जवळची असतील, दोन एका रंगाची असतील, तर तिथे प्रत्येक जण काहीतरी बघत बसलाय. तिथे लाव."

"म्हणजे अशा वेळी नेहमी लावायचं?"

"नेहमी नाय. तुझ्या हाताला अजून वाढायला जागा असेल तर बिनधास्त लाव. वाढायला जागाच नाय आणि मागे तिघं बसलेत, तर कधी कधी एक पान बघून मग लावलेलं बरं."

"म्हणजे लावू की नको?"

"डिपेंड्स."

असा संताप यायचा! शाळेत एखाद्या पोराने मला असं उत्तर दिलं असतं तर बाकावर उभा केला असता.

अप्पांना मात्र त्यातलं एकच वाक्य तेवढं पटलं. एक पान बघून मग. अप्पांचा स्वभावच तो. बाजारात भाजीवाल्याकडे पहिल्यांदा बघून न बघितल्यासारखं पुढे जायचं, मग परत यायचं. कचेरीत कुठल्या फायलीवर पहिली सही करायची नाही. "घाई दाखवली की समोरचा ओळखतो," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आणि इथे मला त्या रविवारबद्दल सांगायलाच हवं. चतुर्थीच्या आधीचा रविवार. विरारहून स्थळ आलं होतं. मुलगा एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. बरोबर आई आणि मामा. कांदेपोहे, खाली मान, "स्वयंपाकाची आवड आहे का," सगळं यथासांग चाललं होतं आणि तेवढ्यात जिन्यातून ओरडा आला, "पाणी आलं!"

ज्यांनी तो काळ नालासोपाऱ्यात काढला नाही, त्यांना कळायचं नाही. पाणी आलं म्हणजे बाकी सगळं थांबलं. कधी येईल सांगता यायचं नाही, किती वेळ राहील तेही नाही. आई पोह्यांची बशी तशीच ठेवून उठली, मी पदर खोचून मोरीकडे धावले, अप्पा पाहुण्यांसमोर कसनुसं हसत बसले. मी पिंपात नळी सोडतेय, कळश्या सरकवतेय, आणि मागून कोणीतरी भरलेली बादली उचलली. बघते तर तो! पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, सॉक्स काढून खिशात कोंबलेले. म्हणाला, "आमच्याकडे पहाटे येतं. तुमचं बरं आहे, दिवसाढवळ्या." मी इतकी हसले की नळी हातातून सुटली आणि त्याच्या शर्टावर फवारा उडाला. तो तसाच भिजलेला उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मला पसंत आहे. तुम्हाला?"

मी "हो" म्हटलं. आयुष्यात एवढ्या चटकन मी काही बोलले नव्हते.

जाताना त्याची आई म्हणाली, "आमच्याकडून काही प्रश्न नाही. गौरी गेल्या की कळवा. आम्ही थांबलोय." अप्पा म्हणाले, "कळवतो."

आमच्या घरात मुलीने असल्या गोष्टी आईला सांगायच्या. आईने त्या वडिलांच्या कानावर घालायच्या, त्याही बेताने. मी आईला सांगितलं, मला हाच हवा. आईने अप्पांना सांगितलं, "मुलीची काही हरकत नाही." एवढंच. माझं 'हाच हवा' स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत जाईस्तोवर 'हरकत नाही' झालं. आणि फोन करून निरोप द्यायचा तो वडिलांनीच. पानं माझी, चाल अप्पांची.

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. अप्पा रोज दुपारी माझ्यासमोर मांडी घालून, चिंचोक्यांची रास पुढ्यात घेऊन बसायचे. विरारचं नाव नाही. एकदा मीच म्हटलं, "विरारला कळवायचं राहिलंय." अप्पा हातातली पानं लावत म्हणाले, "तुला काय घाई? दादरच्या एका स्थळाची पत्रिका यायची आहे. आणि आपण होऊन लगेच हो म्हटलं की ते डोक्यावर बसतात. त्यांचा फोन येऊ दे." मालूकाकू माझ्याकडे बघत होत्या. मी पानांत तोंड खुपसलं.

त्याच दुपारी तो डाव झाला. मध्ये बदामची सत्ती, बदामची अठ्ठी आणि इस्पिकची नव्वी. अप्पांच्या हातात दश्शी आणि गुलाम, हे आम्हाला मागाहून कळलं. म्हणजे सात ते गुलाम सलग. त्या क्षणी त्याहून मोठा हात कोणाकडे असूच शकत नव्हता. आणि अप्पांनी काय केलं? टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "पास." कोणीच काही लावलं नाही. चौथं पान उघडलं, बदामची दुर्री. टेबलावर आता तीन बदाम. आता अप्पांनी लावले, चांगले मूठभर. काकूंनी शांतपणे तेवढेच लावले आणि वर आणखी. पाचवं पान आलं ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. पानं उघडली. काकूंकडे दोन बदाम, पाच पानांचा एक रंग, आणि या खेळात रंग सलगपेक्षा मोठा. रास त्यांच्या पदरात गेली.

अप्पा चिडले. "एवढ्याशा दोन बदामांवर तुम्ही बसलात कशाला?"

"अहो अप्पा, मी पानं टाकणारच होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही काही लावलंच नाहीत. मला वाटलं तुमच्याकडे काही नाहीच."

सायमन हसला. "अप्पा, तुम्ही त्यांना फुकट पान दाखवलं. गप्प बसला की समोरचा काय समजनार? तुमच्याकडे काय नाय."

मी तेव्हा अप्पांकडे इतक्या रागाने बघत होते की मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. छे! अप्पा म्हणाले, "नशीब," आणि पुढचा डाव वाटायला घेतला.

आता मी लावणारी, म्हणून मी जिंकायचे असं कोणी समजू नये. तेही नाही! एकदा माझ्याकडे दोन राजे, तिसरा मध्ये उघडला, सोबत नव्वी आणि अठ्ठी. मी दणकून लावले. अप्पा आणि काकू पळाले, सायमन तेवढेच लावून बसला. चौथ्याला परत दणकून. तो परत बसला. पाचवं पान सत्ती. त्याच्याकडे दश्शी-गुलाम, सात ते गुलाम सलग, आणि इथे सलग तीन राजांनाही भारी. माझे तिन्ही राजे आडवे. मी पानं भिरकावली. सायमन म्हणाला, "तू बरोबर खेळलीस बाय."

"बरोबर खेळले तर हरले का?"

"पान आलं म्हनून."

हे वाक्य मी त्याला अजून माफ केलेलं नाही. आणि तरी मला विचाराल तर तसं हरणं मला चालतं. रात्री झोप लागते. आपण जे करायचं ते केलं, पुढे पानाची मर्जी. पण हातात सगळ्यात मोठा डाव असताना बोटं वाजवत बसायचं आणि दुसऱ्याचं भलं होऊ द्यायचं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. परवा मिलिंद, म्हणजे माझा नवरा, कॉम्प्युटरवर हाच खेळ खेळत बसला होता. म्हणाला, "बघ गं, इथे काय करू? हात चांगला आहे, पण टेबल वाईट आहे." मी भाजी ढवळता ढवळता ओरडले, "लाव! बसून काय राहिलायस, लाव!" तो दचकला. मिलिंद चांगला माणूस आहे. माझा संसार वाईट नाही, कोणी कनवाळू होऊन माझ्याकडे बघू नका. तो मुद्दाच नाही. मुद्दा असा की मला जे हवं होतं ते माझ्या हातात आलं होतं, आणि ते कोणी हिसकावून नेलं नाही. ते नुसतं ठेवून ठेवून गेलं.

अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं. बँजो, गुलाल, तलावाकाठी चिखल, अध्यक्षांच्या गळ्यात हार. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आईने सकाळीच विषय काढला. मी आत पोळ्या लाटत होते, कान बाहेर. "आज फोन करून टाका. उद्यापासून पितृपक्ष लागतोय."

अप्पा म्हणाले, "उद्या पक्ष लागतो आणि आज शुभ बोलणं करायचं? बरं दिसतं का ते? एवढे दिवस थांबले, आणखी थांबतील. दसऱ्याला नारळ-पेढे घेऊन मी स्वतः जातो. रीतसर."

"त्यांना काय वाटेल?"

"काय वाटायचंय? मोठी माणसं आहेत. पक्ष त्यांनाही कळतो."

पक्ष कळत असेल हो. पण आपल्यात स्थळाला नकार कोणी तोंडावर देतं का? 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. पंधरा दिवस, महिना गेला की समोरचा समजून जातो आणि वाईटपणा न येता प्रकरण मिटतं. माझ्या आधीच्या दोन स्थळांना अप्पांनी स्वतः असंच मिटवलं होतं. ज्या गप्प बसण्याने त्यांनी दोनदा नाही म्हटलं, त्याच गप्प बसण्याचा अर्थ या वेळी लोकांनी हो असा लावायचा, अशी त्यांची अपेक्षा! पोळी तव्यावर जळाली. आई आत आली, तिने बघितलं आणि ती बाजूला काढून ठेवली.

तो पंधरवडा मला आठवत नाही, नुसता दमटपणा आठवतो. भिंतींना ओल, वाळत न घातल्यासारखे कपडे, कावळ्यांसाठी गच्चीवर ठेवलेली पानं. सायमनची सुट्टी संपली, तो जहाजावर परत गेला. जाताना भेटायला आला तर मी त्याच्याशीही धड बोलले नाही. शेतांकडे भात पोटरीला आलं होतं, लोंबी अजून पोटातच, आणि आकाशात परत ढग. शाळेत मी पोरांवर उगाच ओरडायची. दादरच्या पत्रिकेचं म्हणाल तर ती जुळलीच नाही.

दसऱ्याच्या दुपारी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ आणि पेढ्यांचा पुडा पिशवीत घेऊन विरारला गेले. आईने देवापुढे साखर ठेवली. मी आपट्याच्या पानांना कुंकू लावत बसले, एकेका पानाला दोन-दोनदा.

ऊन उतरलं तेव्हा अप्पा परत आले. पिशवी तशीच हातात. नारळाचा फुगवटा दारातूनच दिसला आणि मला कळलं. आईने पाणी आणून दिलं. अप्पा खुर्चीवर बसले, पाणी न पिता पेला धरून ठेवला.

"परवाच सुपारी फुटली त्यांची," ते म्हणाले. "विरारचीच मुलगी. मुलीचे वडील स्वतः घरी येऊन शब्द देऊन गेले म्हणे."

आई म्हणाली, "आणि पक्ष?"

"पक्ष संपायची वाट त्यांनीही बघितली. पण आपला काही निरोप नाही, म्हणून..." अप्पा थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याची आई सांगत होती. मुलगा रोज म्हणायचा, थांबा, तिने मला हो म्हटलंय. आम्ही म्हटलं, तिने हो म्हटलं असतं तर बापाने कळवलं नसतं का?"

पेला खाली ठेवून अप्पांनी मान वर केली.

"तू हो म्हणाली होतीस?"

"हो."

"मला वाटलं, तुझी नुसती हरकत नाही." त्यांचा आवाज बसला होता. मी अप्पांना असं कधी बघितलं नव्हतं. "मग मला सांगायचं नाही का? एवढे दिवस समोरासमोर बसलो होतो गं आपण."

"बसलो होतो ना," मी म्हटलं. "रोज माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतात, अप्पा. पत्ते ओळखायला."